पलीकडून ओ येते काय?

(नभोवाणीवरील भाषण)

सातपुड्याच्या रांगेंत, नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यांत तोरणमाळ नांवाचें एक पठार आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारें ११५० मीटर. शहाद्याहून निघालें म्हणजे तापीकांठची काळी सपाट जमीन मागें पडते आणि नागमोडी घाटानें आपण वर चढूं लागतों. वर यशवंत तलावाचें शांत पाणी आहे, गोरखनाथाचें देवालय आहे, आणि जेथें जमीन एकाएकीं संपते तेथें सीताखाईची खोल दरी आहे. महाशिवरात्रीस येथें यात्रा भरते. एरवीं भिल्ल व पावरा लोकांचे विखुरलेले पाडे, आणि एका पाड्यापासून दुसऱ्या पाड्यापर्यंत मध्यें एखादी टेकडी किंवा घळ, असा त्या मुलखाचा देखावा आहे.

अशा प्रदेशांत हांक मारण्यास मोठें महत्त्व असतें. दरीच्या या कांठाहून त्या कांठास जावयाचें म्हणजे उतरण, ओढा आणि पुन्हां चढण. तेव्हां शहाणा मनुष्य पाय उचलण्यापूर्वीं हांक देतो. पलीकडून ओ आली तर तिकडे कोणी आहे हें कळतें. ओ येण्यास किती वेळ लागला यावरून अंतराचा अदमास येतो. दहा हांकांपैकीं सातांनाच ओ आली तर वारा आड येत आहे, हेंही समजतें. आणि पलीकडे माणूस नसला तरी समोरचा कडा असतोच. हवेंत ध्वनि एका सेकंदांत सुमारें ३४० मीटर जातो. कडा १७० मीटरांवर असेल तर आपलाच शब्द एका सेकंदानें आपणांकडे परत येतो. वेळ मोजावा आणि अंतर जाणावें, एवढेंच तें गणित.

आजच्या माझ्या भाषणाचा विषय वरवर पाहतां याहून फार निराळा आहे. दूरच्या एखाद्या संगणकापर्यंत आपली वाट मोकळी आहे कीं नाहीं, हें एका ओळीची आज्ञा टंकून कसें तपासतात, आणि ही रीत कोणीं, केव्हां व कशी शोधून काढली, याचा वृत्तान्त मला सांगावयाचा आहे. परंतु मुळाशीं गोष्ट तीच आहे, हांक आणि ओ. आतां, ही तर यंत्रशाळेंतील बाब, घरीं बसून ऐकणारांस तिचें काय, असा प्रश्न कोणाच्याही मनांत येईल. त्याचें उत्तर मी शेवटीं देणार आहें, आणि त्यासाठीं आपणांस पुन्हां याच डोंगरांत यावें लागेल. तूर्त एवढेंच सांगतों कीं, या जिल्ह्यांतील कित्येक कुटुंबांचें महिन्याचें धान्य आज अशाच एका ओवर अवलंबून आहे.

दूरच्या माणसास "ऐकूं येतें काय?" असें विचारण्याची गरज विजेच्या तारेइतकीच जुनी आहे. हिंदुस्थानांत डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनीं तारायंत्राचा पाया घातला. २४ मार्च १८५४ रोजीं आग्र्याहून कलकत्त्यास पहिला संदेश गेला, आणि लौकरच मुंबई व मद्रास हीं शहरेंही त्या जाळ्यांत आलीं. हजारों मैल लांबीची ती तार जंगलांतून, नद्यांवरून आणि घाटांतून गेलेली. वादळांत खांब पडे, झाडाची फांदी तारेवर येई, पावसांत विजेचा प्रवाह खांबावाटे जमिनींत मुरे. टोकाला बसलेल्या तारमास्तरास एवढेंच कळे कीं पलीकडून उत्तर येत नाहीं. मग जवळच्या ठाण्यास खूण करावयाची. तेथून उत्तर आलें तर त्याच्या पुढच्या ठाण्यास. आणि ज्या दोन ठाण्यांच्या दरम्यान उत्तर खुंटलें तेवढ्याच टापूवर माणूस पाठवावयाचा. सारी तार पायीं तपासणें कोणास शक्य होतें? जवळून दूर, ठाण्यामागून ठाणें, असा हा क्रम श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. ती तार जुलै २०१३ मध्यें आपल्या देशांत बंद झाली. परंतु तो क्रम अद्याप चालू आहे.

याच सुमारास अटलांटिक महासागराच्या तळाशीं पहिली तार टाकण्यांत आली. ऑगस्ट १८५८ मध्यें तिचीं दोन टोकें आयर्लंड व न्यूफाउंडलंड येथें किनाऱ्यास लागलीं आणि दोन्ही खंडांत जल्लोष झाला. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश अमेरिकेच्या अध्यक्षांस पोंचण्यास सुमारें १६ तास लागले. त्या तारेवरील प्रारंभींच्या दिवसांचें टिपण पाहिलें तर राजेरजवाड्यांच्या संदेशांपेक्षां दोन्ही टोकांच्या कारकुनांची केविलवाणी विचारपूसच अधिक आढळते. पुन्हां सांगा, सावकाश पाठवा, आमचें तुम्हांस कसें मिळतें, असें ते एकमेकांस विनवीत. महिन्याभरांत ती तार मुकी झाली. तारेचें टोक किनाऱ्यास लागणें आणि तिच्यावरून शब्द पोंचणें यांत केवढें अंतर असतें, हें त्या वेळीं जगास प्रथम दिसलें.

आतां एकदम शंभराहून अधिक वर्षें ओलांडूं. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्रीं अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत चार्ली क्लाइन हा विद्यार्थी एका संगणकापुढें बसला होता. सुमारें साडेपांचशें किलोमीटरांवरील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत दुसऱ्या संगणकापुढें बिल डुव्हॉल हा तंत्रज्ञ होता. या दोन यंत्रांस जोडणाऱ्या जाळ्याचें नांव अर्पानेट. आजच्या इंटरनेटचा तो पूर्वज. क्लाइनला 'लॉगिन' हा शब्द पाठवावयाचा होता. त्यानें 'एल' हें अक्षर पाठविलें आणि टेलिफोनवरून विचारलें, पोंचलें काय? पोंचलें. 'ओ' पाठविलें. पोंचलें. 'जी' पाठविलें, आणि पलीकडील यंत्र बंद पडलें. दुरुस्ती होऊन पूर्ण शब्द जाण्यास आणखी सुमारें एक तास लागला.

या प्रसंगांतील मौज अशी कीं, नवी वाट चालते कीं नाहीं हें विचारण्यास जुन्या वाटेचा, म्हणजे टेलिफोनचा, आधार घ्यावा लागला. दोन यंत्रें असेपर्यंत हें ठीक होतें. तीं शेंकडों झाल्यावर, आणि पलीकडे रात्रीं कोणी मनुष्य जागा नसतांना, टेलिफोन कोणास करावयाचा? तेव्हां हांक यंत्रानें द्यावी आणि ओही यंत्रानेंच द्यावी, अशी सोय करणें भाग पडलें.

ती सोय नियमांच्या रूपानें प्रथम आली. इंटरनेटवर मजकूर लहान लहान पाकिटांत विभागून पाठविला जातो आणि प्रत्येक पाकीट आपली वाट चौकी-चौकीनें काढीत जातें. वाटेंत कांहीं बिघडलें तर तें कळवावें कसें, याचे नियम सप्टेंबर १९८१ मध्यें जॉन पोस्टेल यांनीं एका पत्रकांत प्रसिद्ध केले. त्यांत एक लहानसा नियम असा होता कीं, ज्या संगणकास प्रतिध्वनीची मागणी करणारें पाकीट मिळेल त्यानें त्यांतील मजकुरास हात न लावतां तो जसाच्या तसा परत पाठवावा. या मागणीस पत्रकांत दिलेलें नांवच मुळीं 'एको', म्हणजे प्रतिध्वनि, असें आहे. कडा जें काम निसर्गतः करतो तें प्रत्येक संगणकानें कर्तव्य म्हणून करावें, असा त्याचा अर्थ. १ जानेवारी १९८३ पासून सारें अर्पानेट या नव्या नियमपद्धतीवर चालूं लागलें.

नियम होता, परंतु त्याचा उपयोग सामान्य वापरणारास सहज करतां येईल असें साधन नव्हतें. तें माइक मूस या तरुण संशोधकानें तयार केलें. अमेरिकेंतील मेरीलँड प्रांतांत अॅबर्डीन येथें सैन्याची तोफगोळ्यांच्या गतीचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा होती. तेथें तो कामास होता. जुलै १९८३ मध्यें नॉर्वेंतील एका बैठकीस तो गेला असतां डेव्हिड मिल्स या शास्त्रज्ञानें अशा प्रतिध्वनीच्या पाकिटांनीं वाटेचा वेळ मोजण्याची गोष्ट बोलतां बोलतां सांगितली. ती मूसच्या लक्षांत राहिली. त्याच वर्षीं डिसेंबरांत प्रयोगशाळेचें जाळें कांहींसें विचित्र वागूं लागलें. मूस बसला आणि त्यानें झपाट्यानें एक आज्ञावली लिहिली. ती चालवून पाहतो तों संगणकाच्या मूळ व्यवस्थेंतच असें पाकीट पाठविण्याची सोय नाहीं! तो चिडला, ती सोयही त्यानेंच लिहून काढली, आणि सूर्योदयापूर्वीं सर्व काम तडीस नेलें. परंतु पहिलें पाकीट सोडण्यापूर्वींच त्याच्या एका सहकाऱ्यानें यंत्रांतील मूळ दोष शोधून दुरुस्तही केला होता. ज्या रोगासाठीं औषध घोटलें तो रोग आधींच बरा झाला; औषध मात्र जगाच्या उपयोगीं पडलें.

या आज्ञेचें नांव त्यानें 'पिंग' असें ठेविलें. पाण्याखालीं ध्वनीचा ठोका सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडी हुडकणारें सोनार नांवाचें यंत्र असतें. त्या ठोक्याचा जो आवाज, तेंच हें नांव. विद्यार्थिदशेंत मूसनें सोनार व रडार यांच्या गणिताचा अभ्यास केला होता. तोच त्याला येथें आठवला. पुढें विनोदानें म्हणा वा पांडित्यानें म्हणा, या नांवांतील इंग्रजी अक्षरांस लांबलचक अर्थ चिकटविण्यांत आला. परंतु मूसनें स्वतः सांगून ठेविलें आहे कीं हें नांव केवळ आवाजावरून पडलें. हीच आपल्या आयुष्यांतील सर्वांत प्रसिद्ध कामगिरी ठरेल हें ठाऊक असतें तर आपण तिच्यावर आणखी एकदोन दिवस घालविले असते, असेंही तो थट्टेनें म्हणे. नोव्हेंबर २००० मध्यें एका मोटार अपघातांत तो वारला.

आतां ही आज्ञा काय करते तें थोडें पाहूं. संगणकाच्या पडद्यावर, चित्रें व खिडक्या बाजूस सारून, जेथें नुसत्या अक्षरांनीं आज्ञा देतां येते तेथें 'पिंग' हा शब्द टंकावा, आणि पुढें ज्या संगणकास हांक द्यावयाची त्याचें नांव किंवा क्रमांक लिहावा. लागलीच एक लहान पाकीट निघतें. मूसच्या पद्धतींत त्यांत ५६ अष्टकांचा मजकूर असतो, आणि वर ८ अष्टकांचा मथळा असतो. पत्त्याचें वेष्टण २० अष्टकांचें. एकूण ८४ अष्टकें, म्हणजे पोस्टकार्डावरील दोन ओळींइतका ऐवज. पाकिटावर अनुक्रमांक असतो, आणि निघण्याची वेळ पाकिटाच्या पोटांतच लिहिलेली असते. पलीकडील संगणक तें पाकीट न बदलतां परत पाठवितो. परत आल्यावर आपला संगणक आतांची वेळ पाहतो, पाकिटांतील वेळ तींतून वजा करतो आणि उत्तर छापतो. यांतील खुबी ही कीं, दोन ठिकाणचीं घड्याळें जुळलेलीं असण्याची गरजच राहत नाहीं. निघण्याची आणि परतण्याची वेळ एकाच घड्याळावर पाहिली जाते. अनुक्रमांकावरून मध्यें कितवें पाकीट हरवलें तें कळतें. अशा रीतीनें पलीकडे कोणी आहे काय, किती दूर आहे, आणि वाट कितपत धड आहे, या दरीकांठच्या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें एका शब्दांत मिळतात.

हा शोध किती घरगुती उपयोगाचा झाला याची एक गोष्ट मूस सांगत असे. एका इमारतींतील संगणकांची तार कोठें तरी सैल झाली होती. तेथील तंत्रज्ञानें असा बेत केला कीं, प्रत्येक ओ मिळतांच संगणकानें मोठ्यानें "पिंग" असा शब्द उच्चारावा. आवाज वाढवून तो इमारतभर हिंडला आणि तारेचे सांधे एकामागून एक हालवीत गेला. ज्या सांध्याशीं "पिंग, पिंग" थांबलें तेथें दोष सांपडला. सोनारावरून घेतलेलें नांव अशा रीतीनें पुन्हां कानांनीं ऐकूं आलें!

हें सारें दूरदेशीं चाललें असतां आपल्याकडे काय स्थिति होती? १९८५ सालीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील एका विभागांतून मुंबईस राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र निघालें आणि तें जुहूस नांदूं लागलें, डॉ. श्रीनिवासन रमणी हे त्याचे संचालक होते. १९८६ सालीं केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानें संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साह्यानें शिक्षण व संशोधन संस्थांचें 'एर्नेट' हें जाळें हातीं घेतलें. जुहूचें तें केंद्र आणि पवईची तंत्रविद्या संस्था यांच्या दरम्यान साध्या टेलिफोनच्या तारेवरून पत्रांची देवघेव सुरू झाली. १९८९ सालीं मुंबईहून अमेरिकेपर्यंत एक राखीव वाट मिळाली. तिचा वेग सेकंदास ९६०० अंशांचा, म्हणजे संगणकाच्या भाषेंतील ९६०० शून्य-एकांचा. मघाशीं सांगितलेल्या ८४ अष्टकांच्या पाकिटांत असे ६७२ अंश असतात. म्हणजे तें एक पाकीट नुसतें वाटेवर चढवावयासच सेकंदाचे सात शतांश लागावयाचे, मग तें समुद्रापार जाणार! १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांत इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें केलें.

डोंगराळ जिल्ह्यांचा प्रश्न याहून अवघड होता. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्रानें १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत जिल्ह्यांचीं मुख्य ठिकाणें उपग्रहाच्या द्वारें जोडण्यास प्रारंभ केला. तोरणमाळ त्या वेळीं धुळें जिल्ह्यांत होतें. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं झाला. उपग्रहास घाट, ओढे व दरड यांची पर्वा नसते, हा मोठाच लाभ. परंतु दळणवळणाचे स्थिर दिसणारे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरांवर असतात. हांक वर जाणार, खालीं येणार. ओ पुन्हां वर जाणार, खालीं येणार. असे चार टप्पे मिळून सुमारें १ लक्ष ४३ हजार किलोमीटर होतात, आणि प्रकाशाच्या वेगानेंही त्यांस जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. कोणतेंही यंत्र हा अर्धा सेकंद वांचवूं शकत नाहीं. उलट कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें २ लक्ष किलोमीटर जातो. हजार किलोमीटरांवरील संगणकाची ओ सेकंदाच्या शंभराव्या भागांत परत येऊं शकते. ऑक्टोबर २०११ मध्यें देशांतील सुमारें अडीच लक्ष ग्रामपंचायतींपर्यंत असा कांचतंतु नेण्याची योजना मंजूर झाली. पुढें तिला 'भारतनेट' हें नांव मिळालें.

येथें आपण पुन्हां नंदुरबार जिल्ह्यांत येऊन पोंचतों. २९ सप्टेंबर २०१० रोजीं याच जिल्ह्यांतील टेंभली या गांवीं, पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग आणि श्रीमती सोनिया गांधी यांच्या उपस्थितींत, देशांतील पहिले आधार क्रमांक दिले गेले. आज कोट्यवधि लोकांच्या खिशांत असलेल्या त्या बारा अंकांचा जन्म सातपुड्याच्या पायथ्याशीं झाला. पुढें स्वस्त धान्याच्या दुकानांत लहानसें यंत्र आलें. शिधापत्रिकेवरील माणसानें त्यावर बोट ठेवावयाचें. यंत्रानें तो ठसा आणि तो क्रमांक मधल्या संगणकांतून मध्यवर्ती भांडाराकडे पाठवावयाचा. तेथून होय किंवा नाहीं एवढेंच उत्तर यावयाचें. आणि मग धान्य मोजावयाचें. त्या भांडाराचीं ठिकाणें बंगळूर व हरियाणांतील मानेसर येथें आहेत. तोरणमाळाहून मानेसर सरळ रेषेंत सुमारें साडेसातशें किलोमीटर आहे आणि बंगळूर हजाराच्या घरांत आहे. हें अंतर विजेच्या दृष्टीनें कांहींच नाहीं, हें आतां श्रोत्यांस सांगणें नको. अडचण असते ती शेवटच्या कांहीं कोसांत. दरड कोसळून तंतु तुटतो, पावसांत वीज जाते, मनोऱ्याची विद्युत्-पेटी रिकामी होते, आणि पाडा व मनोरा यांच्या मध्यें एखादा डोंगर उभा असतो.

अशा वेळीं दुकानापुढें उभ्या असलेल्या बाईस काय दिसतें? यंत्राच्या तोंडावर एक चक्र फिरत राहतें आणि शेवटीं नकाराची एक ओळ उमटते. ती चार डोंगर उतरून आली आहे, तिची एका दिवसाची मजुरी बुडाली आहे, आणि तिला वाटतें कीं आपलें बोटच खोटें ठरलें. घांसून गुळगुळीत झालेल्या बोटाचा ठसा न जुळणें ही एक गोष्ट आहे, आणि पलीकडून ओ न येणें ही सर्वस्वीं दुसरी गोष्ट आहे. पहिलीचा उपाय निराळा, दुसरीचा निराळा. परंतु दोहोंची गल्लत झाली म्हणजे तारेचा दोष माणसाच्या माथीं बसतो. पिंगच्या इतिहासाचें घरगुती महत्त्व मला वाटतें तें येथें आहे. ओ न आल्यास ती कां आली नाहीं हें क्रमाक्रमानें विचारण्याची शिस्त त्यानें लाविली.

ती शिस्त अशी. प्रथम स्वतःस हांक द्यावी. १२७.०.०.१ हा क्रमांक प्रत्येक संगणकास स्वतःचाच म्हणून ठरवून दिला आहे. त्यास पिंग केल्यानें आपलें यंत्र तरी शुद्धीवर आहे हें कळतें. मग उंबरठ्यावरील चौकीस, म्हणजे आपलें पाकीट बाहेर नेणाऱ्या पहिल्या यंत्रास, हांक द्यावी. तेथून ओ आली तर पुढील चौकीस. आणि सर्वांत शेवटीं दूरच्या संगणकास. तारमास्तराचा ठाण्यामागून ठाणें हाच क्रम येथें पुन्हां आला. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस व्हॅन जेकबसन या अमेरिकन शास्त्रज्ञानें यासाठीं 'ट्रेसराउट' ही आज्ञाही लिहिली. ती पहिलें पाकीट एकाच चौकीपुरतें आयुष्य देऊन पाठविते, दुसरें दोन चौक्यांपुरतें, तिसरें तीन. आणि पाकीट जेथें मरतें तेथील चौकी तसें उलट कळविते. अशा रीतीनें घाटांतील प्रत्येक मैलाचा दगड आपलें नांव सांगूं लागतो.

उत्तराची भाषाही नीट वाचावी लागते. नांव सांपडत नाहीं असें उत्तर आलें तर वाटेचा दोष नसून पत्त्याच्या वहींत घोटाळा आहे. पोंचतां येत नाहीं असें आलें तर वाटेवरील कोणी तरी, किंवा आपलेंच यंत्र, पुढें रस्ता नसल्याचें सांगत आहे. मुदत संपली असें आलें तर कोणी कांहींच बोललें नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. या तिसऱ्या उत्तरावरून घाईनें निष्कर्ष काढूं नये. १९९६-९७ च्या सुमारास कांहीं खोडसाळ लोक नियमांत न बसणारें, ६५,५३५ अष्टकांहून मोठें पाकीट पाठवून दुसऱ्यांचे संगणक बंद पाडूं लागले. तेव्हांपासून सावध व्यवस्थापकांपैकीं कित्येकांनीं अशा हांकांस ओ देणेंच बंद केलें. म्हणून मुका संगणक मेलेलाच असतो असें नाहीं. उलटपक्षीं, ओ देणारा संगणक काम करीत असतोच असेंही नाहीं. वाड्याच्या देवडीवरील पहारेकरी "जी" म्हणतो, पण आंत कारभारी झोंपलेला असूं शकतो. पिंगनें वाट कळते, वाड्यांतील कारभार कळत नाहीं. कोणत्याही परीक्षेनें काय कळतें आणि काय कळत नाहीं, हें परीक्षा घेणारास ठाऊक असलें पाहिजे.

एका रात्रींत लिहिलेल्या या आज्ञेस चाळीस वर्षें उलटून गेलीं, तरी आज जगांतील बहुतेक संगणकांत ती आहे. नकाशावर निळी रेघ ओढली म्हणजे गांव जोडलें गेलें, असा समज कागदोपत्रीं सहज होतो. अटलांटिकच्या तारेचें टोक किनाऱ्यास लागल्यावर दोन खंडांस तो झालाच होता. गांव खरोखर जोडलें गेलें आहे कीं नाहीं, हें रेघेवरून ठरत नाहीं. तें त्या गांवांतून हांक देऊन ठरवावें लागतें. आणि तीही एकदां उद्घाटनाच्या दिवशीं देऊन भागत नाहीं, आषाढांतल्या पावसांतही द्यावी लागते. दहांपैकीं किती ओ आल्या, याची नोंद दुकानांत, शाळेंत आणि दवाखान्यांत राहिली, तर दोष कोठें आहे हें दाखवावयास त्या बाईजवळ पुरावा राहील. ओ न आल्याचा दिवस तिच्या गैरहजेरींत धरला जाणार नाहीं.

श्रोतेहो, नभोवाणीवरून बोलणारा मनुष्य एका अर्थीं सीताखाईच्या कांठावरच उभा असतो. मी हांक दिली. ती कोठवर गेली, कोणीं ऐकली, कोणाच्या घरांत मध्येंच आवाज विरला, हें मला येथें बसून कळण्याचा मार्ग नाहीं. माझ्या बाबतींत त्यानें फारसें बिघडत नाहीं. परंतु ज्या हांकेवर कोणाचें धान्य मोजलें जावयाचें आहे, त्या हांकेस ओ आली कीं नाहीं हें पाहिल्यावांचून पाठ फिरविणें बरें नव्हे.